ऐच्छिक परीक्षा : इच्छा कोणाची?

शाळेच्या वेळापत्रकात ‘ऐच्छिक विषय’ हे दोन शब्द आम्ही आपल्या नोकरीच्या काळात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले असतील. संस्कृत घ्यावे की हिंदी, हे मुलाच्या इच्छेवर सोपविले आहे, असा त्यांचा सरळ अर्थ. व्यवहारात मात्र ती इच्छा मुलाची क्वचितच असे. ज्या विषयाचा शिक्षक शाळेत असेल, ज्या विषयाची थोरल्या भावाची पुस्तके घरात पडून असतील, तोच विषय मुलाच्या ‘इच्छेस’ येई. आता हा शब्द विषयांवरून परीक्षांवर आला आहे, आणि तेथे त्याचा परिणाम वेळापत्रकातल्यापेक्षा फार दूरवर पोहोचणारा असल्यामुळे त्याचा विचार आपल्या कुटुंबांतून शांतपणे व्हावा, असे आम्हांस वाटते.

महाविद्यालयात प्रवेश देताना सर्वांकरिता एकच ठराविक परीक्षा सक्तीची असावी, की ती ज्याने त्याने आपल्या खुशीने द्यावी अथवा न द्यावी, हा वाद गेली काही वर्षे अमेरिकेत मोठ्या हिरिरीने चालला आहे. ज्या वाचकांची मुले किंवा पुतणे तिकडे स्थायिक झाले आहेत, त्यांनी नातवंडांच्या तोंडून ‘सॅट’ नावाच्या परीक्षेचे नाव ऐकलेच असेल. परंतु हा प्रश्न केवळ सातासमुद्रापलीकडील नव्हे. २०२१ सालच्या उन्हाळ्यात तो लातूर जिल्ह्यातील आमच्या रेणापुरासारख्या गावातही घरोघर येऊन उभा राहिला होता.

२०२१ सालची हकीकत

त्या वर्षी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा एप्रिल महिन्यात रद्द झाली. परीक्षा नाही तर गुण द्यावयाचे कसे? तेव्हा सरकारने असा तोडगा काढला की, नववीच्या वार्षिक निकालाला ५० गुण, दहावीतील शाळेच्या अंतर्गत लेखी परीक्षांना ३०, आणि गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक यांना २०, याप्रमाणे शंभर गुण धरावेत. हे गुण अर्थात प्रत्येक शाळेने आपल्या दप्तरावरून भरावयाचे होते. १६ जुलैला निकाल लागला तो ९९.९५ टक्के! ९५७ मुलांस शंभरपैकी शंभर टक्के गुण मिळाले.

असा निकाल लागणार, हे सरकारने आधीच ओळखले होते. म्हणून २८ मे रोजीच असे जाहीर करण्यात आले की, अकरावीच्या प्रवेशासाठी एक सामाईक परीक्षा घेतली जाईल. इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे या चार विषयांचे प्रत्येकी २५ असे एकूण १०० गुण, वेळ दोन तास, आणि अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या दहावीचा. परीक्षेची तारीख पुढे २१ ऑगस्ट ठरली. आणि ही परीक्षा ‘ऐच्छिक’ होती. ज्यास द्यावयाची असेल त्याने द्यावी; ज्यास नको असेल त्याचा प्रवेश शाळेने दिलेल्या दहावीच्या गुणांवर होईल.

इतके वाचून कोणासही वाटेल की, यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? परंतु त्याच पत्रकात पुढे असे होते की, प्रवेश देताना प्रथम परीक्षा दिलेल्या मुलांस जागा द्याव्यात, आणि त्यानंतर ज्या जागा उरतील त्या परीक्षा न दिलेल्यांस द्याव्यात.

त्या जुलै महिन्यात आमच्या ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ दुपारचे आमच्याकडे आले. त्यांची मुलगी अभ्यासात बरी. तिला लातुरास विज्ञान शाखेत घालावयाचे त्यांच्या मनात होते. मोबाइलवर कोणीतरी पाठविलेले ते पत्रक त्यांनी आमच्यापुढे धरले आणि विचारले, “गुरुजी, हे ऐच्छिक म्हणजे काय? लेकरानं द्यावी का नाही द्यावी?” आम्ही शब्दाचा अर्थ सांगितला. तो ऐकून घेऊन ते म्हणाले, “तसं नव्हं गुरुजी. नाही दिली तर कुणाच्या मागं उभं ऱ्हावं लागंल, तेवढं सांगा.”

त्या गृहस्थांनी नेमके वर्म ओळखले होते. ज्या गोष्टीवाचून मनुष्य रांगेत मागे पडतो ती ऐच्छिक नव्हे, मग पत्रकात तिला काहीही म्हणोत. लातूर किंवा नांदेड येथील नावाजलेल्या महाविद्यालयांतील विज्ञानाच्या जागा मोजक्याच. परीक्षा देणाऱ्यांतच त्या संपणार, हे स्पष्ट होते. म्हणजे इच्छा असो वा नसो, परीक्षा देणे भाग होते. आणि रोगाची साथ पुरती ओसरली नसताना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या केंद्रावर जाऊन देणे भाग होते.

पुढे हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. राज्य मंडळाबाहेरच्या शाळांतील मुलांचे म्हणणे असे होते की, आमचा अभ्यासक्रम निराळा असता राज्य मंडळाच्याच पुस्तकांवर आमची परीक्षा घेणे हा अन्याय आहे. १० ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. अशी परीक्षा लादण्यास कायद्याचा आधार नाही, आणि साथीच्या काळात लाखो मुलांस केंद्रांवर आणणे धोक्याचे आहे, असे न्यायालयाने म्हटले, व दहावीच्या गुणांवरच सहा आठवड्यांत प्रवेश पुरे करण्याचा हुकूम दिला. परीक्षेला अवघे अकरा दिवस उरले होते. ज्या मुलांनी तिच्यासाठी महिना-दीड महिना अभ्यास केला, त्यांची मेहनत तेथेच राहिली.

अकरावीचा प्रवेश कोर्टात जाण्याची ही पहिली वेळ नव्हती, हेही वाचकांस आठवत असेल. निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची सांगड घालण्यासाठी २००८ साली सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते न्यायालयात टिकले नाही. २००९ साली राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखण्याचे ठरविले, तेही टिकले नाही. २०१० साली सहा विषयांपैकी उत्तम पाच विषयांचेच गुण धरण्याची पद्धत आली. ती उच्च न्यायालयाने रद्द केली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. चार वेळा प्रयत्न झाले. एकदाच यश आले. मुलांची परस्परांशी न्याय्य तुलना कशी करावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

शितावरून भात

आमच्या शास्त्रांत स्थालीपुलाक नावाचा एक न्याय आहे. भांड्यातील एक शीत चेपून पाहिले म्हणजे सगळा भात शिजला की नाही ते कळते. आपल्या माजघरात हा न्याय रोज चालतो. प्रवेश परीक्षेचे मूळ तत्त्वही हेच आहे. दोन तासांत शंभर प्रश्न विचारावयाचे आणि त्यांवरून दहा वर्षांच्या विद्येचा अंदाज बांधावयाचा.

परंतु या न्यायाची एक अट आहे. सर्व भात एकाच भांड्यात, एकाच विस्तवावर शिजत असला पाहिजे. एका भांड्यातील शीत पाहून शेजारच्या भांड्याविषयी काही सांगता येत नाही. परीक्षेविरुद्ध बोलणारे लोक नेमके हेच म्हणतात. ज्या मुलाच्या घरी स्वतंत्र खोली आहे, ज्याच्यासाठी वर्षाला लाखभर रुपये शिकवणी वर्गाला भरले आहेत, त्याचे दोन तास आणि जो सकाळी दूध घालून, एस. टी. ने शाळेत येतो त्याचे दोन तास, हे सारखे कसे मानावेत? शिवाय जी परीक्षा सर्वस्व ठरते ती शाळेस खाऊन टाकते. आज बारावीचे किती वर्ग नावापुरते भरतात आणि किती मुले पटावर एका महाविद्यालयाच्या, पण दिवसभर शिकवणी वर्गात असतात, हे लातुरास राहणाऱ्यास सांगावयास नको. अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेशात २०१३ पासून काही वर्षे बारावीच्या गुणांस ४० टक्के वजन दिले होते, ते याच कारणासाठी. २०१७ पासून तेही काढून टाकण्यात आले.

हा आक्षेप खरा आहे, आणि आम्हांस तो मान्य आहे. परंतु परीक्षा बाजूस सारली म्हणजे तिच्या जागी काय येते, हे पाहिल्यावाचून निर्णय करणे बरोबर नाही. तिच्या जागी शाळेने किंवा मंडळाने दिलेले गुण येतात. त्या गुणांची भट्टी तरी सर्वत्र सारखी आहे काय?

२०२१ चा ९९.९५ टक्के निकाल वर सांगितलाच आहे. साथीचे वर्ष म्हणून तो सोडून द्यावा, तरी अलीकडची वर्षे पाहा. दहावीत शंभर टक्के गुण मिळविणारी मुले २०२३ साली राज्यात १५१ होती, त्यांपैकी १०८ लातूर विभागाची. २०२४ साली १८७, त्यांपैकी १२३ लातूर विभागाची. २०२५ साली २११, त्यांपैकी ११३ लातूर विभागाची. लातूर, नांदेड आणि धाराशिव मिळून हा विभाग होतो. राज्यातील नऊ विभागांपैकी एकट्या विभागात निम्म्याहून अधिक शंभर टक्केवाले! याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु त्याच वर्षी उत्तीर्णांच्या प्रमाणात पहिला येतो तो कोकण विभाग, आणि आपला विभाग बराच मागे असतो. शिखर उंच, पण पायथा तितका रुंद नाही. शिवाय कला-क्रीडेचे वाढीव गुण मिळवून जेथे शंभर पुरे होतात, तेथे शंभर आणि अठ्ठ्याण्णव यांतील अंतर विद्येचे किती आणि व्यवस्थेचे किती, हे कोण सांगणार?

आणि कॉप्यांचा विषय तर आपल्या भागाने टाळून चालणारच नाही. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी श्री. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली तेव्हा परीक्षा केंद्रांच्या भिंतींवर चढणारी माणसे खाली उतरली आणि त्याबरोबर निकालही खाली उतरला. पुढे ही मोहीम राज्यभर गेली. जेथे मंडळाच्या गुणांवरच सर्व काही ठरते, तेथे त्या गुणांस पाय फुटण्याचा मोह किती अनावर होतो, याचा तो धडा होता. मात्र सामाईक परीक्षाही या मोहापासून मुक्त आहेत असे नव्हे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ६७ जणांस ७२० पैकी ७२० गुण पडल्याचे प्रथम जाहीर झाले, प्रश्नपत्रिका फुटल्याचा बोभाटा झाला, आणि चौकशी थेट लातुरापर्यंत येऊन पोहोचली. म्हणजे दोन्ही मापे खोटी पाडता येतात. मग त्यांतले एक फेकून दिल्याने माप खरे होईल, असे मानणे हा भाबडेपणा होय.

परीक्षेने उघडलेली दारे

परीक्षेची दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ही मुले संस्थानिकांच्या किंवा सावकारांच्या घरची नव्हती. कोणाची ओळख, कोणाची शिफारस यावाचून पुढे जाण्याचा एक रस्ता परीक्षेने त्यांच्यापुढे मोकळा केला.

मराठवाड्याच्या वाट्यास हा रस्ता फार उशिरा आला. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, परंतु त्याची भाषा उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास उच्च शिक्षणाच्या दारातच परकी भाषा आडवी येई. १९४८ साली मुक्ती मिळाली, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि १९९४ साली नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ झाले. इतक्या मागून निघालेल्या प्रदेशाची मुले पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीस आली, ती कशाच्या बळावर? ज्यास सारा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणतो, त्याच्या बळावर. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव आणि त्यांचे सहकारी यांनी जी पद्धत बसविली तीत गूढ असे काही नव्हते. अभ्यासक्रम वेळेत संपविणे, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घेणे, चुका मुलास दाखविणे, सुट्टीतही वर्ग भरविणे, एवढेच. दयानंद महाविद्यालयादी संस्थाही त्याच मार्गाने गेल्या. या पद्धतीवर पाठांतराचा आरोप होतो आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन बसला, तो या सरावामुळे बसला. त्याच्यापाशी दाखविण्यासारखी दुसरी कोणतीही वस्तू नव्हती. एक परीक्षेचा गुणच होता.

अमेरिकेतील प्रयोग

हीच गोष्ट अमेरिकेने आपल्या अनुभवाने शिकून घेतली, म्हणून तिकडची हकीकत येथे सांगणे उपयोगाचे आहे. ‘सॅट’ ही परीक्षा १९२६ पासून चालू आहे. मेन राज्यातील बोडन नावाच्या लहानशा महाविद्यालयाने १९६९ साली ती प्रथम ऐच्छिक केली. त्यानंतर पन्नास वर्षे हा प्रवाह संथ चालला. २०२० साली साथीमुळे परीक्षा केंद्रेच बंद पडली, तेव्हा एकामागून एक हजाराहून अधिक महाविद्यालयांनी ती ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर त्याहून पुढे गेले. मुलाने गुण पाठविले तरी ते पाहावयाचेच नाहीत, असा नियम त्याने केला. परीक्षा श्रीमंतांस अनुकूल आहे, ती गेल्याने गरिबांचा लाभ होईल, असा या सर्वांचा विश्वास होता.

पुढे काय झाले? मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयाने, म्हणजे एम. आय. टी. ने, मार्च २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. २०२४ साली डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड आदि संस्थांनीही कमी-अधिक फरकाने तोच निर्णय घेतला. डार्टमथने आपल्याच प्राध्यापकांकडून जी पाहणी करविली तिचा निष्कर्ष मोठा बोधप्रद आहे. परीक्षा ऐच्छिक झाल्यावर गरीब घरांतील पुष्कळ हुशार मुलांनी आपले गुण पाठविलेच नाहीत. इतर अर्जदारांच्या मानाने ते थोडे कमी दिसतील, अशी त्यांस भीती वाटली. वस्तुतः त्यांची शाळा आणि घरची स्थिती ध्यानात घेता तेच गुण पाहून महाविद्यालयाने त्यांस आनंदाने घेतले असते. ज्या शाळेत इतके गुण कोणीच मिळवीत नाही, तेथील मुलाने ते मिळविले, हे त्याच्या योग्यतेचे प्रमाणच होते. परंतु हे त्या मुलास सांगणारे कोणी नव्हते. श्रीमंत मुलास मात्र कोणते गुण दाखवावेत आणि कोणते झाकावेत हे सांगणारे पगारी सल्लागार होते.

कॅलिफोर्नियाने आपला नियम अद्याप बदललेला नाही, तेव्हा तिकडेही एकमत झाले आहे असे नव्हे. परंतु डार्टमथच्या अनुभवात आम्हांस जे सार दिसते ते असे : परीक्षा ऐच्छिक केल्याने विषमता नाहीशी होत नाही, ती परीक्षेच्या खोलीतून निघून निवडीच्या क्षणात जाऊन बसते. पूर्वी ज्याची तयारी अधिक तो पुढे जाई. आता ज्यास निवड करावयाचे ज्ञान अधिक तो पुढे जातो. आणि तयारी तरी कष्टाने करता येते. ज्ञान देणारा माणूसच घरात नसेल तर मुलाने काय करावे?

संस्थांची इच्छा

ऐच्छिकपणाचा एक तिसरा प्रकार आपल्या राज्यात २०२४ साली पाहावयास मिळाला. व्यवस्थापन आणि संगणक यांच्या पदवी अभ्यासक्रमांस, म्हणजे बी. बी. ए., बी. सी. ए. इत्यादींस, त्या वर्षापासून राज्याची सामाईक परीक्षा लागू झाली. जागांच्या मानाने परीक्षेस बसणारे इतके कमी निघाले की परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी लागली, तरीही जागा रिकाम्या राहिल्या. कित्येक महाविद्यालयांनी यावर सोपी युक्ती काढली. अभ्यासक्रम जवळजवळ तोच ठेवून त्याचे नाव बदलले, म्हणजे परीक्षेचा नियम लागू होत नाही! येथे इच्छा मुलाची नव्हती, सरकारचीही नव्हती. जागा भरू पाहणाऱ्या संस्थेची होती. आपले मूल अशा अभ्यासक्रमास घालताना त्याच्या नावातील दोन शब्द का बदलले आहेत, हे पालकांनी अवश्य विचारावे.

याउलट तमिळनाडूने २००६ साली कायदा करून अभियांत्रिकीची राज्य प्रवेश परीक्षा सरळ बंद केली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू केले. तो मार्ग बरोबर की चूक, याविषयी मतभेद होतील. परंतु त्यात एक स्पष्टपणा आहे : नियम सर्वांस एकच आहे, आणि तो अगोदर माहीत आहे. पुढे ‘नीट’ सर्वत्र लागू झाल्यावर सरकारी शाळांतील मुले मागे पडू लागली, तेव्हा त्याच राज्याने २०२० साली त्यांच्यासाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा वेगळ्या काढल्या. माप तेच ठेवून, ज्याचे भांडे मंद विस्तवावर होते त्यास थोडी अधिक मुभा दिली. परीक्षा नको म्हणण्यापेक्षा हा मार्ग आम्हांस अधिक विचारपूर्वक वाटतो.

आमचे मत आणि एक विनंती

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे आहे. सामाईक परीक्षा असावी. परंतु ती एकटी नसावी. तिच्या जोडीस शाळेतील व मंडळाच्या गुणांस काही वजन असावे, म्हणजे वर्ग ओस पडणार नाहीत. आणि मुलगा कोणत्या शाळेतून, कोणत्या परिस्थितीतून आला याची नोंद असावी, म्हणजे शिताची परीक्षा करताना भांडे कोणते हेही पाहिले जाईल. आणि जर कोणत्याही कारणाने परीक्षा ऐच्छिक करावयाचीच असेल, तर ती न देणाऱ्याचे स्थान काय, हे पहिल्याच ओळीत लिहावे. न देणारा मागे पडणार असेल तर तिला ऐच्छिक म्हणू नये.

हे सरकारास सांगणे झाले. आपल्या घरांस सांगावयाचे ते निराळे आहे.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला. पूर्वी हा प्रकार मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरताच होता. रेणापूरचा मुलगा गुणपत्रिका घेऊन लातुरास जाई आणि महाविद्यालयात विचारून येई. आता त्याने घरी बसून किमान एक आणि कमाल दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावयाचा असतो. पहिल्या पसंतीची जागा मिळाली आणि ती घेतली नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून तो बाद होतो. येथेही ‘पसंती’ हा शब्द आहे, आणि येथेही ती चुकली तर वर्ष पणास लागते. ही सगळी घाई नेमकी मे-जून महिन्यांत येते. त्याच दिवसांत मृगाचा पाऊस पडतो आणि सोयाबीन-तुरीची पेरणी निघते. बाप तिफणीमागे असतो. आई बियाणे-खताच्या पैशांच्या विवंचनेत असते. आणि पसंतीक्रम भरण्याची शेवटची तारीख मोबाइलवर येऊन पडलेली असते.

आपल्यासारख्या घरांतून असे होत नाही. आपल्या एकत्र कुटुंबात कोणी काका अभियंता असतो, कोणी आत्या प्राध्यापिका असते, कोणी चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वीच याच चक्रातून गेलेला असतो. रात्री जेवणे झाली की ओसरीवर चार माणसे बसतात आणि मुलाची यादी ठरते. या बैठकीचे मोल किती आहे, हे आपल्यास कळत नाही, कारण ती आपल्यास फुकट मिळते. अमेरिकेत त्याचसाठी लोक हजारो डॉलर मोजतात.

आमची वाचकांस विनंती एवढीच आहे की, येत्या मे-जूनमध्ये ही बैठक आपल्या मुलाची यादी झाल्यावर लगेच मोडू नये. शेजारच्या, वाड्यातल्या, शेतावर काम करणाऱ्या गड्याच्या मुलालाही गुणपत्रिका घेऊन बोलवावे. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : कोणती परीक्षा त्याला खरोखर द्यावीच लागेल, कोणती न दिल्यास त्याचे काय जाईल, आणि पसंतीक्रमातील पहिले नाव मिळाले तर तेथे राहण्या-जेवण्याचा खर्च त्याच्या घरास झेपेल काय. या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून द्यावीत आणि शेवटची तारीख वर मोठ्या अक्षरांत घालावी. यास फार तर एक तास लागतो.

आमच्याकडे आलेल्या त्या गृहस्थांच्या मुलीने २०२१ साली परीक्षेचा अर्ज भरला होता. परीक्षा झालीच नाही; दहावीच्या गुणांवर तिला लातुरास प्रवेश मिळाला. तिच्या धाकट्या भावाची दहावी पुढील वर्षी आहे. त्याची यादी करावयास ती स्वतः बसणार आहे, आणि गल्लीतील आणखी चार मुलांस तिने त्याच दिवशी बोलावून ठेवले आहे.